भिंत ठरल्याशिवाय हुक नाही

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली 'इंचभाऊ' म्हणते. त्याचं फोटो फ्रेम करायचं दुकान आहे. समोर माणूस आला की याला आधी त्याची उंची दिसते आणि मग माणूस. आमचे हे पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा सगळे त्यांच्या पगाराची चौकशी करत होते, आणि हा दारात उभा राहून म्हणाला, "सहा फुटाला दीड इंच कमी." हे तो दीड इंच अजून विसरलेले नाहीत.

मी त्याची थोरली बहीण. वीज कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर चौतीस वर्षं बसले. निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चालत जा. म्हणून मी रोज घरापासून भावाच्या दुकानापर्यंत चालते आणि मग संध्याकाळपर्यंत तिथेच बसते. त्याने मला कधी 'बस' म्हटलं नाही आणि कधी 'ऊठ'ही म्हटलं नाही. हा त्याचा स्वभावच आहे. याच स्वभावापायी आमच्या घरातली सोन्यासारखी पोर परगावी निघाली होती, म्हणून हे सगळं सांगतेय.

दुकान बारा बाय अठराचं. पुढे काउंटर आणि गल्ला, मागे काच कापायचं टेबल, त्यावर अंथरलेली जुनी सतरंजी. छताखाली लाकडी पट्ट्यांचे भारे बांधलेले. बसलं की अंगावर भुसा पडतो. माझ्या पांढऱ्या केसांत तो दिसत नाही म्हणून मी चालवून घेते.

या दुकानाचे दोन नियम. पहिला, भिंत ठरल्याशिवाय हुक नाही. कोणीही फोटो घेऊन आलं की हा विचारणार, "कुठे लावणार? भिंत कसली? ऊन येतं का?" लोक वैतागतात. म्हणतात, "अहो, तुम्ही फ्रेम करून द्या, भिंतीचं आमचं आम्ही बघू." हा म्हणतो, "मग हुक कुठे लावू? वजन कुठे घेऊ?" एकदा एकांच्या घरी भिंत बघायला गेला आणि सांगून आला की तुमची भिंतच वरून पाऊण इंच कलली आहे. ते गृहस्थ आणि त्यांचा कंत्राटदार अजून कोर्टात आहेत.

दुसरा नियम, ॲडव्हान्स घ्यायचा नाही आणि 'फ्रेम तयार आहे, या' म्हणून फोनही करायचा नाही. "ज्याने त्याने आपल्या मनाने न्यावं, ताई. बळजबरी कशाला?" झालं! तीस वर्षांत डावीकडची सबंध भिंत न नेलेल्या फ्रेमांनी भरून गेली. एकसष्ट नग. कोणाची सासू, कोणाचा निरोप समारंभ, एक मोडलेला साखरपुडा, एक कुत्रा. प्रत्येकीच्या मागे चिठ्ठी, चिठ्ठीवर फोन नंबर आणि भिंतीची माहिती. दर सोमवारी हा त्या सगळ्यांच्या काचा पुसतो. स्वतःच्या चष्म्याची काच पुसायचं मात्र याला सुचत नाही.

आता आमची भाची, म्हणजे याची एकुलती एक लेक. सजावटीच्या शिक्षणात पहिली आली आणि नोकरी न शोधता सरळ दुकानात येऊन उभी राहिली. तीन वर्षं झाली. काच अशी कापते की कटरचा हिरा एकदाच फिरतो, दुसऱ्यांदा हात लावावा लागत नाही. फ्रेमचा कोपरा जुळवला की नख शिरत नाही. पण तिने काहीही सुचवलं की बापाचं उत्तर ठरलेलं. "बाबा, ॲडव्हान्स घेऊ या." "बघू." "बाबा, ती भिंत रिकामी करू, तिथे नमुने लावू." "बघू." "बाबा, पट्टी कापायचं मशीन घेऊ." "बघू." आमच्या कचेरीत पडून राहिलेल्या अर्जांवरसुद्धा निदान तारखेचा शिक्का असायचा. याच्या 'बघू'वर तोही नाही.

मग तिला एका कंपनीचं पत्र आलं. हॉटेलांच्या खोल्या सजवणारी कंपनी. मोठं शहर, चांगला पगार, राहायला जागा, आणि दहा तारखेच्या आत उत्तर द्यायचं. तिने पत्र बापासमोर ठेवलं. त्याने ते वाचलं, उलटून पाहिलं आणि विचारलं, "तिथे काम काय?"

"तीनशे खोल्या, तीनशे फ्रेमा. सगळ्यांत एकच फूल."

"म्हणजे भिंत विचारायला नको."

"नको."

"बरंय की," तो म्हणाला. "तुझ्या मनाने कर, बाळा."

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. मला मागे घेऊन गेली आणि म्हणाली, "बघितलंस ना, आत्या? मी राहिले काय आणि गेले काय, बाबांना दोन्ही सारखंच."

सारखं कसलं, कपाळ! पत्र आल्यापासून याने रोज पट्ट्या चुकीच्या कापायला सुरुवात केली होती. तीस वर्षांत सुताइतका न चुकलेला माणूस, एकदा इंचभर आखूड, एकदा दोन इंच. तुकडे गुपचूप टेबलाखाली सरकवायचा. मी पाहत होते. म्हटलं, अरे, तिला सांग ना की जाऊ नकोस. तर म्हणे, "ताई, तिचं आयुष्य आहे. मी कोण अडवणारा?" बाप आहेस की शेजारी, असं मी विचारलं. तो काच पुसायला लागला. भावजय शाळेत गणित शिकवते. तिला विचारलं तर म्हणाली, "दोघंही एकाच मातीची आहेत. मी मध्ये पडायचं सोडलंय."

शेवटी भाचीनेच तोडगा काढला. धंद्याचा कोच आणायचा! खेळाडूंना असतो तसा दुकानदारांना. आमच्या चौकातल्या बेकरीवाल्याने म्हणे याच कोचला लावलं आणि आता तिथे रांग असते. "माझं ऐकत नाहीत, बाहेरच्या माणसाचं तरी ऐकतील," ती म्हणाली. "दहा तारखेपर्यंत वाट बघते. नाहीतर मी निघाले." फीचा आकडा ऐकला तेव्हा मी खुर्चीतच बसले होते म्हणून बरं. तेवढ्यात पट्टी कापायचं मशीन आलं असतं. पण पहिली भेट फुकट होती, आणि फुकटाला नाही म्हणायचं आमच्या घरात कोणाला शिकवलेलं नाही.

एक तारखेला कोच आला. चाळिशीचा, चकचकीत बूट, हातात पाटीसारखा पातळ टॅब. मला 'मॅडम' म्हणाला, तिथे मी त्याला दोन मार्क दिले. मग स्टुलावर बसला, भुसा न पुसता बसला, तिथे ते परत काढून घेतले.

"सर, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

भावाने बराच विचार केला. "याच स्टुलावर. गुडघे टिकले तर."

कोचने ते लिहून घेतलं. "ग्राहक तुमच्याकडेच का येतात?"

"त्यांच्याकडे फोटो असतो."

"बरं. आणि परत का येत नाहीत?"

"यांचं विचारताय का?" भावाने डावीकडच्या भिंतीकडे बोट केलं.

कोच उठला. भिंतीसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. कुत्र्यापाशी थांबला. "हा कधीपासून आहे?"

"एकोणीस वर्षं."

"फोन केलात कधी?"

"त्यांना हवा असेल तेव्हा येतील की."

"सर," कोच छातीवर हात ठेवून म्हणाला, "ही भिंत तुमचं निम्मं दुकान खातेय. आठ दिवस देतो. या प्रत्येक माणसाला फोन करायचा. प्रत्येकाला, अपवाद नाही. नेतील ते नेतील, बाकीच्या काढून टाकायच्या. हे जमलं तरच मी तुमच्याबरोबर काम करीन. मी सगळ्यांना घेत नाही."

"वा रे वा!" मी म्हटलं. "फी घेणार तुम्ही आणि परीक्षा आमची?" उंटावरचे शहाणे मी खिडकीवर पुष्कळ पाहिलेत, पण ते निदान रांगेत उभे असायचे.

भाऊ म्हणाला, "बघू." मग त्याने मागे लेकीकडे पाहिलं. ती टेबलावर वाकून काच कापत होती, पण हिरा काचेवर टेकलेला आणि हात थांबलेला. "बरं," तो म्हणाला. "करतो." मागे काच तडकली. त्या पोरीच्या हातून काच तडकलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

जाता जाता कोचने बॅगेतून स्वतःचं कोचिंगचं प्रमाणपत्र काढलं. "हेही फ्रेम करून टाका, सर. जरा भारदस्त."

"कुठे लावणार?" भावाने विचारलं.

"ऑफिसमध्ये."

"भिंत कसली आहे?"

कोचने घसा खाकरला. "सध्या मी घरूनच काम करतो. ऑफिस बघतोय."

"म्हणजे भिंत ठरायची आहे," भाऊ म्हणाला आणि चिठ्ठीवर तसंच लिहिलं. मला एवढं हसू आलं की मी पदर तोंडात धरून बाहेर जाऊन उभी राहिले.

फोन करणं भावाला जमेना. नंबर फिरवायचा, पलीकडून 'हॅलो' आलं की याच्या तोंडाला कुलूप. शेवटी फोन मी हातात घेतला. माझ्या आवाजात चौतीस वर्षांची खिडकी आहे. "हॅलो, तुमचं एक काम आमच्याकडे बरेच दिवस पडून आहे," एवढं म्हटलं की निम्मे लोक आधी शपथेवर सांगायचे की मॅडम, या महिन्याचं बिल भरलंय. त्यांना फ्रेमवर आणेपर्यंत माझा चहा गार व्हायचा. काही नंबर बंद होते, तेव्हा ओळखीपाळखी काढून माणसं शोधली.

आणि लोक आले हो! एक टक्कल पडलेले गृहस्थ आले, स्वतःचा फोटो हातात घेऊन म्हणाले, "हा माझा धाकटा भाऊ असणार." बायको म्हणाली, "तुम्हीच आहात. शर्ट मी आणला होता." ते बराच वेळ त्या फोटोतल्या केसांकडे बघत राहिले आणि मग फ्रेम छातीशी धरून घेऊन गेले. साखरपुडा मोडलेला माणूस आत्ताच्या बायकोला घेऊन आला. मला धडकी भरली. तिने फ्रेम उलटसुलट पाहिली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "फ्रेम सुंदर आहे. आतला फोटो बदलून द्या." भावाने लगेच विचारलं, "भिंत तीच आहे का?"

सासूची फ्रेम न्यायला सून आली. फ्रेमकडे पाहिलं, सुस्कारा सोडला. म्हणाली, "अजून थोडे दिवस ठेवता का? तुमच्याकडे शांत असतात." ठेवणावळ देऊन गेली बिचारी.

गंमत म्हणजे रिकाम्या हाताने कोणी आलं नाही. जुनी न्यायला आलेला प्रत्येक जण शरमून काहीतरी नवीन फ्रेमला टाकून गेला. भाऊ चहाला बाहेर गेला की भाची हळूच म्हणायची, "काका, थोडा ॲडव्हान्स?" लोक मुकाट देत होते. भावाने एकदा दारातून पाहिलं. मला वाटलं आता नियमावर येणार. पण तो परत फिरला आणि आणखी एक चहा पिऊन आला.

सातव्या दिवशी भिंत जवळजवळ मोकळी झाली. मागचा मूळ हिरवा रंग चौकोनाचौकोनांनी दिसायला लागला. अगदी खाली, कुत्र्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक फ्रेम उभी होती. मी ओढून काढली. आत आमच्या भाचीचं प्रमाणपत्र, पहिल्या क्रमांकाचं. सागवानी पट्टी, आतून बारीक सोनेरी कड. इतकी देखणी फ्रेम याने आयुष्यात कोणाला करून दिली नसेल. मागे हुक नव्हता. चिठ्ठीवर तिचा मोबाइल नंबर आणि याच्या अक्षरात तीन शब्द, 'भिंत ठरायची आहे'.

"हे काय रे?"

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "दुकानात आली त्या आठवड्यात तिने काउंटरवर ठेवलं. मी विचारलं, कुठे लावणार? ती म्हणाली, ठरलं नाही अजून. मग मी चिठ्ठी लिहिली."

"आणि परत विचारलं नाहीस? तीन वर्षं?"

"तिच्या मनात असतं तर तिने सांगितलं असतं."

देवा रे देवा! दोघं रोज आठ तास एका खोलीत, एकमेकांपासून चार पावलांवर, आणि हा तिने सांगण्याची वाट बघतोय, ती याने विचारण्याची. "लाव फोन," मी म्हटलं. "तो राहू दे, ताई," तो म्हणाला, आणि फ्रेम पालथी करून काउंटरवर ठेवली. मला इतका संताप आला होता आणि इतकं वाईटही वाटत होतं की मी पुढचे दोन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. हे मला जमलं, यावर घरी कोणाचा विश्वास बसला नाही.

नऊ तारखेला कोच आला. मोकळी भिंत बघून टाळ्याच वाजवल्या. "शाबास, सर! राहिलं काय?"

"सासूबाई, त्या सुनेच्या विनंतीवरून," मी म्हटलं. "कुत्रा, त्याचे मालक उद्या येतायत. तुमचं प्रमाणपत्र. भिंत ठरली का?"

"नाही अजून," कोच घाईघाईने म्हणाला. "आणि ही पालथी कोणाची?"

भाऊ म्हणाला, "ती घरची आहे."

"चिठ्ठी आहे मागे," मी म्हटलं. "नंबरसकट."

"मग फोन लावा, सर. मी काय सांगितलं होतं? अपवाद नाही."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. त्याने चष्मा पुसला. खरंच पुसला. मग नंबर दाबला. मागे टेबलापाशी भाचीच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला.

तिने काढून पाहिलं, आणि वळून आमच्याकडे पाहिलं. "आत्या, बाबा मला फोन का करतायत?"

"घे," मी म्हटलं.

तिने कानाला लावला. दोघं समोरासमोर, मध्ये कोच आणि एक स्टूल.

"हॅलो," भाऊ म्हणाला. "फ्रेमच्या दुकानातून बोलतोय. आपली एक फ्रेम तीन वर्षं तयार आहे. आपण न्यायला आला नाहीत."

तिच्या नजरेस काउंटरवरची सागवानी पट्टी पडली. ती म्हणाली, "कोणी बोलावलं नाही."

"आता बोलावतोय." फोनवर हात ठेवून मला म्हणाला, "पुढे काय बोलू?"

"भिंत विचार, वेड्या!"

"भिंत ठरली का?"

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे लावलेली आवडेल?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्याने हजारोंना विचारला असेल. त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने दुकानभर नजर फिरवली. "गल्ल्यामागे," तो म्हणाला. "म्हणजे आत येणाऱ्याला आधी तीच दिसेल. पण तुझ्या मना..."

"गप्प!" मी ओरडले. कोचच्या हातातला टॅब पडता पडता राहिला. "पुढचा शब्द काढलास तर बघ!"

भावाने फोन कानाशी घट्ट धरला. "इथे पाहिजे," तो म्हणाला. "मला तू इथे पाहिजेस. तू जाणार म्हटल्यापासून मला धड पट्टी कापता येत नाही."

"माहितेय," भाची म्हणाली. आता तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. "टेबलाखाली चौदा तुकडे आहेत. मी रोज मोजते. रोज वाटायचं, आज तरी बोलाल." तिने फोन खाली ठेवला. "लावा हुक."

कोचने नाक पुसलं. "सर, ही पद्धत मी पुढे वापरली तर चालेल का? फारच... बरं, आपण पुढच्या भेटींचं ठरवू या."

भाची एप्रनला हात पुसत पुढे आली. "सर, खरं सांगू? बाबांनी माझं ऐकावं म्हणून मी तुम्हाला बोलावलं होतं. ते आता ऐकतील असं दिसतंय. त्या पैशात आम्ही मशीन घेतो."

"अहो, पण मी अजून सुरूच केलेलं नाही!" कोच म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. मला तर तो शेवटी आवडला. हसला, उठला, बूट झटकले, आणि आपलं प्रमाणपत्र कधी मिळेल ते विचारलं. "भिंत ठरली की," भाऊ म्हणाला. "आणि थोडा ॲडव्हान्स," भाची म्हणाली. कोचने मुकाट खिशात हात घातला. 'अपवाद नाही' हे त्यानेच शिकवलेलं, आता कोणाकडे तक्रार करणार?

तो गेल्यावर भावाने टेप काढला. जी भिंत तीस वर्षं त्याच्या पाठीशी आहे ती त्याने चार वेळा मोजली. प्रत्येक वेळी वेगळा आकडा आला, कारण त्याला आकडेच दिसत नव्हते. तरी कोणाला हात लावू दिला नाही. भोक पाडलं, हुक ठोकला, फ्रेम टांगली आणि दोन पावलं मागे येऊन उभा राहिला.

पाव इंच तिरकी होती. भाचीला दिसलं, मलाही दिसलं. आम्ही काही बोललो नाही.

अजून तशीच आहे. रोज एखादं तरी गिऱ्हाईक म्हणतं, "इंचभाऊ, तुमच्याच दुकानातली फ्रेम वाकडी? सरळ करून घ्या की." तो मान वर करून तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "बघू."